शेवटचा एक तुकडा उलटा राहिला, तरी पझल उघडू नका

प्रश्न साताऱ्याहून आला आहे. थोडक्यात असा: "नेहमीचा 3×3 रुबिक क्यूब व्हिडिओ बघून शिकलो, आता पाऊण मिनिटात सुटतो. नाद लागला म्हणून 4×4, मिरर (रंगांऐवजी तुकड्यांच्या जाडीवरून लावायचा), फिशर (तिरक्या कापांचा) आणि पिरॅमिन्क्स (पिरॅमिडच्या आकाराचा) घेतले. यातले 4×4 आणि फिशर शेवटपर्यंत येतात आणि एकच तुकडा उलटा राहून अडतात. दुकानदार म्हणाला, पीस सदोष असेल, उघडून नीट बसवा. उघडू का? आणि दोन हजार रुपये बाजूला काढलेत, त्यात पुढचं कोणतं घेऊ?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो, कारण तुम्ही कदाचित स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसला असाल. उघडू नका. दोन्ही पझल ठणठणीत आहेत. जे दिसतंय तो बनावटीतला दोष नाही, त्या पझलचा स्वभाव आहे. गंमत अशी की लक्षण एकच असलं तरी दोघांची कारणं पूर्णपणे वेगळी आहेत. ती कळली की पुढचं काय घ्यावं हेही बरंचसं तुमचं तुम्हालाच कळेल.

माझं सांगलीत गणपती पेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. क्यूबचा नाद चाळीस वर्षांचा. मी सातवीत असताना मामांनी मुंबईहून एक आणला होता. तेव्हा व्हिडिओ नव्हते आणि पुस्तक मिळायचं नाही. मला पहिल्यांदा सोडवायला सात महिने लागले. एर्नो रुबिक यांनी 1974 मध्ये बुडापेस्टला हा ठोकळा बनवला, तेव्हा स्वतःचाच ठोकळा सोडवायला त्यांनाही महिनाभर लागला होता, हे मला फार नंतर कळलं. ते वाचून बरं वाटलं. त्या सात महिन्यांची दोनशे पानी वही अजून माझ्याकडे आहे. आज कपाटात सव्वादोनशे पझल आहेत, पण कोणी काय जमवलंय असं विचारलं तर मी आधी वह्या दाखवतो.

तुमचा प्रश्न वाचून मला वाटतं, अडचण त्या एका तुकड्याची नाही. तुम्ही प्रत्येक पझलसाठी वेगळा फॉर्म्युला शोधताय. चार पझल झाले, चार व्हिडिओ झाले. पाचवं घेतलंत की पाचवा व्हिडिओ. असं करत गेलं की कपाट भरतं आणि हातात 3×3 च राहतो. मी प्रत्येक नव्या पझलला पहिला प्रश्न एकच विचारतो: हे माझ्यापासून काय लपवतंय?

हे नुसतं सांगून कळायचं नाही, करून बघा. तुमचा साधा 3×3 घ्या, सुटलेला. वरच्या बाजूच्या मधल्या चौकोनावर मार्करने एक बाण काढा, टोक तुमच्यापासून लांब जाणारं. आता उजवी बाजू वर, वरचा थर डावीकडे, उजवी खाली, वरचा थर परत डावीकडे. प्रत्येक वेळी पाव फेराच. हे चार फेरे ओळीने पाच वेळा करा, म्हणजे एकूण वीस. मध्येच सगळं विस्कटल्यासारखं दिसेल, घाबरू नका. पाचव्यांदा पूर्ण झालं की क्यूब पुन्हा सुटलेला असेल, एकही रंग हललेला नसेल. फक्त बाण आता तुमच्याकडे बघत असेल. वरचा थर दहा वेळा पाव पाव फिरला, म्हणजे अडीच फेरे झाले. बाकी सगळे तुकडे घरी परतले, मधला मात्र अर्धा फिरून राहिला. बाण नसता तर तुम्ही म्हणाला असता, काहीच झालं नाही.

म्हणजे ज्या क्यूबला आपण पूर्ण ओळखतो असं समजतो, तोही मधल्या तुकड्यांचं फिरणं लपवतो. आपल्याला ते जाणवत नाही, कारण चौकोनी एकरंगी तुकडा कसाही फिरला तरी तसाच दिसतो.

आता तुमचा फिशर हातात घ्या. आत यंत्र 3×3 चंच आहे, फक्त काप पंचेचाळीस अंशांनी तिरके घेतलेत. त्यामुळे तुकड्यांनी वेश बदललेत. वरच्या थरात जो तुकडा कोपऱ्यासारखा दिसतो, तो मुळात कडेचा आहे. जो कडेचा वाटतो, तो कोपरा. आणि मधल्या थरात उभ्या धारेवर जे दोनरंगी तुकडे दिसतात, ते चक्क सेंटर, म्हणजे बाजूचे मधले तुकडे आहेत. नेहमीच्या क्यूबवर त्यांचं फिरणं दिसत नाही, इथे ते चुकीचे फिरले की बाहेर टोक काढून उभे राहतात. म्हणजे 3×3 जे लपवतो, ते फिशर उघडं करतो.

पण बदल्यात तो दुसरं काहीतरी लपवतो, आणि तुमची अडचण तिथेच आहे. मधल्या थरात प्रत्येक बाजूच्या मध्यभागी जो एकरंगी तुकडा आहे, तो खरा कडेचा तुकडा. तो उलटा बसवला काय, सुलटा बसवला काय, दिसतो तसाच. तुम्ही मधला थर लावताना यातला एक नकळत उलटा बसवला. नियम असा की 3×3 च्या यंत्रात उलट्या कडांची संख्या नेहमी समच राहते. एक उलटी मधल्या थरात दडली, म्हणून तिची जोडीदार वरच्या थरात उघडी पडली. उपाय वरच्या थरात शोधत बसू नका, तिथे तो नाहीच. मधल्या थरातला कुठलाही एक एकरंगी तुकडा नेहमीच्या पद्धतीने बाहेर काढा आणि उलटा फिरवून त्याच जागी घाला. मग वरचा थर पुन्हा लावा. सुटेल.

4×4 ची गोष्ट निराळी. तिथे कडा चोवीस आहेत, आपण त्या दोन-दोन जोडून बारा करतो आणि मग 3×3 सारखा सोडवतो. जी एक जोडी उलटी दिसते, ती खरं तर उलटलेली नाहीच. तिच्यातल्या दोन तुकड्यांनी जागा बदलल्यात. बाहेरचा थर पाव फिरवला की आठ कडा हलतात, चार-चारच्या दोन चकरांमध्ये. आतला थर पाव फिरवला की चारच कडा हलतात, एका चकरेत. चौघांनी गोल जागा बदलणं म्हणजे तीन अदलाबदली. बाहेरच्या थराच्या दोन चकरा मिळून सहा, म्हणजे सम. आतल्या थराच्या तीन, म्हणजे विषम. तुमच्या हातात जी स्थिती आली तिच्यात आतल्या थराचे पाव फेरे विषम संख्येनं चुकलेत, एवढाच त्याचा अर्थ. विस्कटताना ते सम झाले की विषम, हे सेंटर बघून तुम्हाला कळायची सोय नाही. म्हणून निम्म्या वेळा हे होणारच. यालाच क्यूबवाले पॅरिटी म्हणतात.

उपाय त्यातच आहे. आतला थर एक पाव फिरवा आणि सेंटर व जोड्या नव्यानं लावा. मात्र फिरवलेला थर तसाच उलटा आणू नका, नाहीतर जिथे होतात तिथेच याल. आतल्या थराचे पाव फेरे मोजत जा, सुरुवातीचा धरून एकूण विषम आले पाहिजेत. वेळ लागेल, पण एकदा असं सोडवा. नंतर व्हिडिओतला तयार फॉर्म्युला वापरायला माझी हरकत नाही. वापरताना त्यातले आतल्या थराचे पाव फेरे मोजून बघा, अर्धा फेरा म्हणजे दोन धरून. विषमच भरतील, मग फॉर्म्युला कोणाचाही असो.

म्हणजे आतापर्यंत, शेवटी एक तुकडा उलटा, याची दोन कारणं झाली. फिशरमध्ये जोडीदार दडलेला असतो. 4×4 मध्ये आतल्या थराचा हिशेब विषम असतो. तिसरं कारण साध्या 3×3 वर भेटतं, आणि ते मला पुरानं शिकवलं.

आमचं घर सांगलीतल्या गावभागात. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आम्ही हाताला लागेल ते घेऊन निघालो. साठ-पासष्ट पझल पत्र्याच्या ट्रंकेत खालच्या खोलीत राहिले. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर आत बोटभर गाळ. प्लास्टिकला काही झालं नव्हतं. कागदी स्टिकर सुटून एकमेकांना चिकटले होते. सगळ्यात वाईट अवस्था स्प्रिंगची आणि स्क्रूची होती, सगळं लोखंड गंजलेलं. एकेक पझल उघडून तुकडे बादलीत धुतले, सुपात वाळवले, घड्याळाच्या चिमट्याने कोपऱ्यांमधला गाळ काढला. जोडायला बहिणीचा मुलगा मदतीला होता. त्यानं हौसेनं नऊ क्यूब जोडले, रंग न बघता. मी संध्याकाळी सोडवायला बसलो, नऊपैकी एकच सुटला. कुठे एक कड उलटी राहिली, कुठे एक कोपरा जागच्या जागी वळलेला, कुठे दोन तुकडे अदलाबदल झालेले. पोरगं रडवेलं झालं. त्याला म्हटलं, तुझं काही चुकलं नाही, हिशेबच असा आहे.

हिशेब बघा. कोपरा एक तृतीयांश वळला की एक वळण धरलं, तर कोपऱ्यांची एकूण वळणं तीनाच्या पटीत असावी लागतात, तीनपैकी एकदाच ते जुळतं. उलट्या कडा सम असाव्या लागतात, दोनपैकी एकदा. कोपरे आणि कडा मिळून अदलाबदली सम असाव्या लागतात, पुन्हा दोनपैकी एकदा. तीन गुणिले दोन गुणिले दोन, बारा. डोळे मिटून जोडलेला क्यूब बारापैकी एकदाच सुटण्याजोगा असतो. 3×3 च्या 4,32,52,00,32,74,48,98,56,000 स्थिती म्हणतात, त्या फक्त फिरवून गाठता येणाऱ्या. सुटे करून जोडलात तर त्याच्या बारा पट.

म्हणून सांगतो, उघडू नका. चांगला 3×3 उघडून रंग न बघता जोडला की बारापैकी अकरा वेळा खराच सुटेनासा होतो, आणि मग दुकानदाराचं म्हणणं खरं होतं. उघडायचीच वेळ आली, तर आधी सोडवून घ्या आणि जोडताना सुटलेल्या स्थितीतच जोडा. आमच्या धंद्यातही घड्याळ उघडलं की प्रत्येक भाग ज्या क्रमानं काढला त्या क्रमानं कापडावर मांडतात. साध्या 3×3 वर फक्त एक कोपरा वळलेला राहिला, तर तो फिरवताना हातात वळला असणार. आजकालच्या सैल क्यूबमध्ये असं सर्रास होतं. तो बोटानंच मागे वळवा, त्यात काही पाप नाही.

आता एक हत्यार देतो. मला विचाराल तर तुमच्या पंचवीस फॉर्म्युल्यांपेक्षा हे एक जास्त कामाचं. पुन्हा सुटलेला 3×3 घ्या. उजवी वर, वरचा थर डावीकडे, उजवी खाली. थांबा आणि फक्त खालचा थर बघा. वरती गोंधळ आहे, पण खालच्या थरात समोरचा उजवा कोपरा सोडून काहीही बदललेलं नाही. त्या जागी नवा कोपरा आलाय, जुना वर गेलाय. आता खालचा थर पाव फेरा उजवीकडे न्या, म्हणजे त्या जागी दुसराच कोपरा येईल. मग आधीचं उलट करा: उजवी वर, वरचा थर उजवीकडे, उजवी खाली. शेवटी खालचा थर परत डावीकडे. आठ फेऱ्यांत तीन कोपऱ्यांनी आपापसात जागा बदलल्या, बाकीचे तेवीस तुकडे जागचे हलले नाहीत. हेच आणखी दोनदा केलंत की क्यूब पुन्हा सुटलेला.

यात पाठ करण्यासारखं काही नाही. एका थरातला एकच तुकडा बदलेल अशी छोटी खेळी शोधायची. थर फिरवायचा, खेळी मागे घ्यायची, थर मागे घ्यायचा. गणितवाले याला कम्युटेटर म्हणतात. कुठलाही नवा पझल आला की मी पहिले दोन-चार दिवस सोडवायच्या भानगडीत पडत नाही. ही छोटी खेळी कुठे सापडते तेवढंच बघतो. सापडली की वहीत तारीख घालून लिहितो. तिथून पुढे पझल माझा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो, कारण सगळ्यांनी असंच करावं असं माझं म्हणणं नाही. तुम्हाला वेग हवा असेल, पाऊण मिनिटाचे पंधरा सेकंद करायचे असतील, स्पर्धेला उतरायचं असेल, तर पाठांतराला पर्याय नाही. शेवटचा थर वरून एकरंगी करायचे 57 आणि त्याचे तुकडे जागेवर बसवायचे 21 फॉर्म्युले हाताला वळण लागेपर्यंत घोकावेच लागतात, आणि तो रियाझ मी मानतो. 2023 मध्ये अमेरिकेच्या मॅक्स पार्कने 3.13 सेकंदांत क्यूब सोडवला, ते बघताना अंगावर काटा येतो. वर्ल्ड क्यूब असोसिएशनच्या स्पर्धांत 17 प्रकार असतात. त्यात 4×4 आणि पिरॅमिन्क्स आहेत, फिशर आणि मिरर नाहीत. स्पर्धा करायची असेल तर पैसे एकाच चांगल्या 3×3 वर घाला आणि माझं पुढचं सोडून द्या.

पण तुमच्या खरेदीवरून मला तुम्ही त्या वाटेचे वाटत नाही. आमची सांगली बुद्धिबळाची. नूतन बुद्धिबळ मंडळात लहानपणी चार दिवस मीही गेलो होतो. तिथे एक गोष्ट लवकर कळते. पाठ केलेल्या ओपनिंगवर पहिल्या दहा चाली निघतात, अकराव्या चालीला पटावर बघावंच लागतं. तुमचा फिशर अकराव्या चालीवर अडलाय.

आता दोन हजारांचं. 5×5 घेऊ नका. दिसायला भारी असतो, पण 4×4 नीट समजला तर त्यात नवीन फार थोडं आहे, आणि नाही समजला तर नुसती मेहनत वाढते. फोटो छापलेला क्यूबही नको, तुमच्या जुन्या क्यूबवर सहा बाण काढलेत की तोच फोटो क्यूब झाला. मी तुमच्या जागी असतो तर दोन घेतले असते. एक व्हॉइड क्यूब, ज्याच्या मधून आरपार भोकं असतात आणि सेंटरच नसतात. दुसरा स्क्यूब, कारण तो कोपऱ्यांवर फिरतो आणि प्रत्येक फेऱ्याला अर्धा पझल हलतो, त्यामुळे 3×3 ची एकही सवय तिथे चालत नाही. त्याच्या स्थिती फक्त 31,49,280 आहेत, फॉर्म्युल्याशिवाय शोधायला अगदी मापात. मेगामिन्क्स नंतर. बारा बाजू, वीस कोपरे, तीस कडा बघून छाती दडपते, पण शेवटच्या थराला वर सांगितलेलं हत्यार तिथे छान चालतं. स्क्वेअर-1 आकारच बदलतो, तो वर्षभरानं. पिरॅमिन्क्स तुमच्याकडे आहेच, त्याची टोकं बाजूला ठेवली तर 9,33,120 स्थिती उरतात. तो व्हिडिओ न बघता पुन्हा सोडवा.

खेळण्याच्या दुकानातला शंभर-सव्वाशेचा माल टाळा. थर अडकतात, बोट दुखतं आणि माणूस पझलचा दोष स्वतःवर घेतो. चांगल्यात मॅग्नेट असतं, थर जागेवर चटकन बसतो. आणि तेल. मी पहिल्या क्यूबला खोबरेल तेल लावलं होतं, डिसेंबरात ते आत थिजलं आणि क्यूब दगड झाला. रॉकेल, पेट्रोल, गंज काढायचा स्प्रे हेही प्लास्टिकला मारक. क्यूबसाठी सिलिकॉनचं तेल मिळतं, दोन थेंब पुरतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा पझल बंद ट्रंकेत न ठेवता मांडणीवर ठेवा. 

आधी फिशर सोडवा, त्याचा उपाय सोपा आहे. मग 4×4 ला बसा. व्हॉइड आला की निम्म्या वेळा शेवटी दोनच तुकडे अदलाबदल होऊन राहतील, आणि 3×3 वर हे कधीच होत नाही हे आता तुम्हाला माहीत आहे. तेव्हा व्हिडिओ न उघडता, नसलेली सहा सेंटर मनात बसवून बघा, मग ती वहीत काढा. कारण काय असेल ते तुमच्या शब्दांत इथे लिहा, मी रोज रात्री दुकान बंद केल्यावर बघतो.